बाळाच्या खोलीत भिंतीवर रंगाच्या पट्ट्या मारून घेतल्या, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, रिव्ह्यू मोठा झालाय, कारण एकाच भिंतीचं काम दोनदा झालं. पहिल्यांदा ज्यांनी केलं त्यांना दीड स्टार, आणि त्यातला एक स्टार पोरं सकाळी नऊच्या ठोक्याला हजर व्हायची म्हणून. दुसऱ्यांदा ज्या काकांनी केलं त्यांना पाच. रंगाची कड सरळ यावी म्हणून लावतात त्या निळ्या मास्किंग टेपला साडेचार, अर्धा कापला तो किमतीमुळे.

तर झालं असं की बायको डोहाळेजेवण उरकून माहेरी सांगलीला गेली आणि जाता जाता मला एक फोटो पाठवून गेली, पांढऱ्या आणि फिक्या हिरव्या उभ्या पट्ट्यांची भिंत, समोर लाकडी पलंग, वर ढगांचं काहीतरी लटकवलेलं. म्हणाली, "अरे फार काही नको, एवढी एक भिंत करून ठेव." आमची दुसरी बेडरूम म्हणजे खरं तर इस्त्रीचं टेबल, धान्याच्या कोठ्या आणि पाहुणे यांची खोली. आई म्हणाली पोर यायच्या आधी पाळणा, कपडे काहीही घरात आणायचं नाही, भिंत रंगवायची तर रंगव, ती काय बाळासाठी आहे असं कुठं लिहिलेलं नसतं. आणि वर हे पण, "पोर आईच्या कुशीत झोपणार आहे, भिंतीच्या नाही." ते खरंच होतं पण तोवर मी ॲडव्हान्स भरला होता.

वॉलपेपरचा विचार केला होता, पट्ट्यांचे रेडीमेड मिळतात. एका रोलमध्ये साधारण 57 स्क्वेअर फूट बसतात, आमची भिंत 11 फूट रुंद आणि साडेनऊ उंच, म्हणजे 104 च्या आसपास, दोन रोल लागणार आणि ते पण काठोकाठ, एक तुकडा चुकला की तिसरा रोल घ्या. पण त्या भिंतीच्या मागं बाथरूम आहे आणि आमच्या शेजाऱ्यांकडे अशाच भिंतीवरचा वॉलपेपर दुसऱ्या पावसाळ्यात कडांनी गुंडाळायला लागला, पापडासारखा. म्हणून रंगच.

आता पहिली पार्टी. नाव लिहीत नाही. फोनवरून बुकिंग होतं, सुपरवायझर टी-शर्ट घालून येतो, लेझरचं मशीन भिंतीला लावतो, टॅबवर कोटेशन काढतो, सगळं एकदम चकाचक. पूर्ण खोलीचे 14,800 आणि पट्ट्यांच्या भिंतीचे वेगळे 5,500, त्याला ते 'डिझाईन वर्क' म्हणतात. मी विचारलं पट्ट्यांचा अनुभव आहे का, तर म्हणाला सर आम्ही महिन्याला अशा कितीतरी करतो. पुढं तासभर तो मला टेक्सचर आणि ग्लिटर विकायचा प्रयत्न करत होता ते सोडून देऊ.

दोन पोरं आली, चांगली होती बिचारी, पण त्यांना वेळच दिलेला नव्हता. ऑगस्ट महिना, बाहेर पाऊस, कपडे दोन दोन दिवस वाळत नव्हते, आणि ह्यांचं वेळापत्रक म्हणजे सोमवारी पांढऱ्याचा दुसरा हात आणि मंगळवारी सकाळी त्यावर टेप. रंग हाताला सुका लागतो अर्ध्या तासात, पण आतून पक्का व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, हे मला नंतर कळलं. निदान 24 तास तरी जाऊ द्यावेत, आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवस. शिवाय खाली पुट्टीवर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, मारलाच नव्हता, थेट पांढरा. आणि टेप कुठला, तर तो साधा क्रीम रंगाचा कागदी, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो. मंगळवारी संध्याकाळी हिरव्याचे दोन हात मारून पोरं टेप तसाच ठेवून गेली, बुधवारी सकाळी येऊन खसाखस ओढला.

तो आवाज मी विसरणार नाही. टेपबरोबर पांढरा रंग आणि त्याखालची पुट्टी, बोटाएवढाले पोपडे, थेट खालचं जुनं पिवळं डिस्टेंपर दिसायला लागलं. जिथं पोपडा निघाला नाही तिथं हिरवा टेपखाली शिरलेला, सगळ्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या. काही ठिकाणी टेपचा गोंद भिंतीवर राहिला, त्यावर आठवड्याभरात काळी धूळ बसली. सुपरवायझरला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सर, हँडमेड लुक असाच असतो." हे वाक्य आता आमच्या घरात म्हण झालंय, पोळी वाकडी लाटली गेली तरी आई म्हणते हँडमेड लुक.

पण खरा घोळ त्याहून वेगळा होता आणि तो मला पटकन दिसलाच नाही. बायकोनं व्हिडिओ कॉलवर पाच सेकंदात पकडला. म्हणाली, "डावीकडची पहिली पट्टी खाली बारीक का होत गेलीये?" मोजायचा टेप लावून बघितलं. वर बारा इंच, खाली सव्वा अकरा. पट्टी चुकली नव्हती, आमचा कोपराच वाकडा होता. बिल्डिंग बरीच जुनी आहे, प्लास्टर करताना कुणीतरी कोपरा तिरका सोडला आणि इतकी वर्षं एका रंगात कुणाला काही कळलं नाही. ह्यांनी कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि ती पण हिरव्या पट्टीनं, म्हणजे हिरव्याच्या शेजारी दुसऱ्या भिंतीचा पांढरा, तो तिरकेपणा जणू हायलायटरनं दाखवल्यासारखा. लेझरचं मशीन होतं ना त्यांच्याकडे, पण ते कोटेशन काढण्यापुरतंच आणलं होतं, काम करायला नव्हे.

पैशाचं म्हणाल तर बरंच भांडण झालं. वॉरंटी आहे पण त्यात डिझाईन वर्क येत नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं. शेवटी पट्ट्यांच्या 5,500 मधले 3,000 परत केले, बाकी तीन भिंती आणि छत त्यांनी ठीकठाक केलं होतं म्हणून मी पण पुढं ताणलं नाही.

मग काका. खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेली वीस वर्षं तेच रंग देतात, मूळचे लातूरकडचे, आता धायरीला राहतात. गणपतीच्या तोंडावर चांगला पेंटर मिळणं म्हणजे काय ते पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, आजोबांनी शब्द टाकला म्हणून गौरी-विसर्जनानंतरचे तीन दिवस मिळाले. आले, भिंतीकडं बघितलं, नखानं कड खरवडली, मागच्या बाथरूमच्या बाजूनं ओल येतीये का ते तळहात लावून बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, रंग नाय चुकला. घाई चुकली."

पहिला दिवस नुसतं घासकाम, खड्डे लांबीनं म्हणजे पुट्टीनं भरणं आणि प्रायमर. मी म्हणलं आजच पांढरा मारून टाकू की, तर हसले फक्त. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचे दोन हात आणि मग तब्बल चार दिवस काका आलेच नाहीत, मी दोन फोन केले तर म्हणाले वाळू द्या, पंखा फुल ठेवा, खिडकी उघडी ठेवा, भिंतीला हात लावू नका. ते चार दिवस त्यांनी दुसरीकडं काम केलं, आणि बिल मला तीनच दिवसांचं लावलं.

तिसरा दिवस पट्ट्यांचा, हा मी सुट्टी काढून बघितला आणि खरं सांगतो पैसे तिथंच वसूल झाले. काकांनी पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला टांगलेलं पितळेचं वजन, उभी रेघ सरळ यावी म्हणून गवंडी वापरतात तो. आधी भिंतीचा मध्य काढला. भिंत 132 इंच, म्हणजे बारा-बारा इंचाच्या 11 पट्ट्या, आकडा विषम घ्यायचा म्हणजे दोन्ही टोकांना एकच रंग येतो. आणि टोकांना पांढराच ठेवायचा, कारण शेजारच्या दोन्ही भिंती पांढऱ्या आहेत. कोपरा कितीही वाकडा असो, पांढऱ्यात पांढरा मिसळून जातो, कोपऱ्यातली पट्टी वर बारा आणि खाली सव्वा अकरा आहे हे आता कुणाच्या बापाला कळत नाही. मधोमध हिरवी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हिरव्या, अशा पाच. मध्यापासून बाहेर जायचं, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून न मोजता ओळंब्यानं पुन्हा काढायची, नाहीतर पाव इंचाची चूक पाचव्या रेघेपर्यंत सव्वा इंचाची होते. एवढं साधं आहे. ह्यासाठी मी 5,500 भरले होते.

मी म्हणलं दोरीला नीळ लावून टप्पकन मारतात ना तशी मारा, पटकन होईल. म्हणाले नीळ सिमेंटवर ठीक, पांढऱ्या रंगातून ती नंतर डोकावते. त्यांनी साध्या पेन्सिलीनं, तीही इतकी हलकी की मला चष्मा पुसावा लागला, दर दोन फुटांवर एक ठिपका काढला आणि ठिपक्यांवरून टेप ओढला. टेप मी आणला होता, निळा, पेंटरचा म्हणून वेगळा मिळतो तो. हिशोब असा की पाच हिरव्या पट्ट्यांच्या दहा कडा, प्रत्येक साडेनऊ फूट, म्हणजे 95 फूट, मीटरमध्ये 29, 20 मीटरचे दोन रोल पुरतात. क्रीमवाला टेप 50 रुपयांच्या आत मिळतो आणि हा मला 260 ला पडला एक. पण गोंद सोडत नाही आणि रंग उपटत नाही. टेप लावायचा तो रेघेच्या पांढऱ्या बाजूला, रेघेवर नाही, नाहीतर हिरवी बारीक होते. आणि ज्या पट्ट्या रंगवायच्या नाहीत त्यांच्यावर टेपचा छोटा तुकडा फुलीसारखा चिकटवून ठेवायचा, कारण सगळे टेप लागले की कुठली रंगवायची आणि कुठली नाही ते भल्याभल्यांना कळत नाही, काका म्हणाले एका बंगल्यात त्यांनी स्वतः दोन हिरव्या शेजारी शेजारी मारल्यात.

आता ती मुख्य गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर हा रिव्ह्यू अर्धा झाला असता. टेप लावल्यावर काकांनी खिशातून जुनं एटीएम कार्ड काढलं आणि टेपची कड वरपासून खालपर्यंत दाबत गेले, आणि मग हिरव्याचा डबा न उघडता पुन्हा पांढरा उघडला. मला वाटलं चुकले. तर त्यांनी टेपच्या कडेवर पांढऱ्याचा पातळ हात मारला. म्हणजे भिंतीवरच्या बारीक खाचांमधून टेपखाली जे काही शिरायचं ते पांढरंच शिरतं, पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? खाचा त्यानं बंद होतात. ते वाळलं की मग हिरवा, चार इंची रोलरनं, रोलर टेपकडून पट्टीच्या आत फिरवायचा, बाहेरून कडेवर ढकलायचा नाही, आणि रोलरवर रंग कमी, ठिबकता कामा नये.

हिरव्याचा दुसरा हात झाला आणि काका शिडीवर बसून तंबाखू मळायला लागले. साधारण पाऊण तासानं बोटाची मागची बाजू भिंतीला लावून बघितली, चिकटत नव्हती पण गार लागत होती. मग टेप काढला. वरच्या टोकाला नखानं उचलून, तो स्वतःवरच उलटा दुमडून, तिरका, सावकाश, एक टेप काढायला मिनिट-दीड मिनिट. आवाजच नाही. खाली जी कड निघाली ती मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितली, ब्लेडनं कापल्यासारखी. मी तिथंच बायकोला कॉल लावला, ती दोन सेकंद गप्प होती, मग म्हणाली, "बरं झालं दुसऱ्यांदा केलंस." केलं कुणी, क्रेडिट कुणाला, जाऊ दे.

एक डाग राहिलाय. चौथ्या हिरव्या पट्टीवर स्विचबोर्ड येतो, तिथं बोर्डाच्या खालच्या बाजूला टेप नीट बसला नाही आणि पाव इंच हिरवा बाहेर गेलाय. काकांनी दाखवून सांगितलं, इथं बोर्ड सोडवायला पाहिजे होता, राहिला. ह्यासाठी स्टार कापावा का, मी कापला नाही.

रंगाबद्दल. एशियन पेंट्सचा रॉयल घेतला, दुकानात मशीनवर शेड बनवून, हिरवा एक लिटर. पाच हिरव्या पट्ट्या म्हणजे साडेसत्तेचाळीस स्क्वेअर फूट, लिटरभर रंग दोन हातांत 120 च्या पुढं जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त उरला. त्याहून छोटा डबा त्या शेडमध्ये मिळाला नाही. शेडकार्डवर त्याचं नाव काहीतरी परदेशी आहे, आम्ही फिका पोपटी म्हणतो, आई वाटाण्याचा म्हणते. दुकानात अजून एशियनच्या जाहिरातीतल्या गट्टूचा जुना पत्र्याचा बोर्ड आहे, हातात ब्रश आणि डबा घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला तो पोरगा, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला. कंपनी मुंबईची, 1942 ला गिरगावात सुरू झालेली. मालकांना मी बोर्ड विकता का विचारलं, नाही म्हणाले, बाळाच्या खोलीत काय भारी दिसला असता.

रंग घेताना शिशाचं विचारा. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर चालत नाही, नोव्हेंबर 2017 पासून नियम लागू आहे, डब्यावर तसं छापलेलं असतं ते वाचून घ्या. पण खरी भीती नव्या रंगाची नाही, जुन्याची आहे. आमच्या खिडकीचं ग्रील जुन्या ऑईल पेंटचं होतं, पहिल्या पोरांनी ते कोरडंच घासलं, खोलीभर पावडर. काकांनी बाकीचं पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरनं घासलं आणि खाली कागद अंथरला, तो गुंडाळून बाहेर. पुढं रांगणारं पोर आणि तोंडात जाणारे हात, तेव्हा हे करा. आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका, आमचं माहेरपण मध्ये आलं म्हणून ते आपोआप झालं. वास जायला तीन आठवडे खिडकी उघडी ठेवली.

फिनिश मॅट घेऊ नका असं सगळे सांगतात कारण हात लागले की पुसता येत नाही, पण फार चकाकणारा पण घेऊ नका, खिडकीतून तिरका उजेड आला की पुट्टीचा चढउतार सगळा दिसतो आणि सरळ पट्टी त्यावरून जाताना नागमोडी वाटते. मधला घ्या. आडव्या पट्ट्या कुणाला हव्या असतील तर छतापर्यंत नेऊ नका, छत कधीच लेव्हलमध्ये नसतं, वर फूटभर पांढरं सोडा.

आता बाळाला काय वाटतं. मेहुणी मिरजेला डोळ्यांची डॉक्टर आहे, तिला विचारलं की पट्ट्या बाळाला चांगल्या असतात म्हणतात ते खरं का. ती म्हणाली पट्ट्यांकडे बाळं बघतात हे खरंच आहे, आम्ही तान्ह्या बाळांची नजर त्यावरच तपासतो, कार्डावर एका बाजूला पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला सपाट करडं, बाळाला दिसत असेल तर ते पट्ट्यांकडं बघतं, मग पट्ट्या बारीक बारीक करत जायच्या. पण नवीन जन्मलेल्या बाळाला नीट दिसतं ते 20 ते 30 सेंटिमीटरवरचं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा, तेवढंच. आणि त्याला आवडतो काळा-पांढरा. "तुझा फिका पोपटी आणि पांढरा म्हणजे दाजी, त्याच्या दृष्टीनं तू भिंत एकाच रंगात रंगवलीस."

हिशोब काकांच्या बाजूचा: मजुरी दिवसाला 1,100 प्रमाणे 3,300, आणि रंग, प्रायमर, लांबी, टेप धरून माल 2,400 च्या आसपास. म्हणजे आधीच्यांना नुसत्या पट्ट्यांचे दिले होते त्यात दोनशेच घातले असते तर मालासकट सगळं झालं असतं.

मुलगी ऑक्टोबरमध्ये झाली, डिसेंबरात दोघी घरी आल्या. बायको दारातून आत आली, भिंतीकडं बघितलं, थेट स्विचबोर्डाशी जाऊन त्या पाव इंचावर बोट ठेवलं. मुलीला पट्ट्यांसमोर झोपवलं, ती पंख्याकडं बघते. पंखा बंद असला तरी पंख्याकडंच. आई म्हणते पंख्याला पट्ट्या मारायच्या होत्या.

काकांचा नंबर इथं टाकत नाही, विचारल्याशिवाय बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात ते हॉल बघायला येतायत, आणि हॉलमध्ये पट्ट्या नकोत हे आई मला सोडून थेट त्यांनाच फोन करून सांगून बसलीये.